अरुंद श्वासनलिका: ‘ऑपरेशन म्हणजे गळ्याला कायमचे भोक’ या दाव्याची तपासणी

‘श्वासनलिका अरुंद झाली तर ऑपरेशन करू नका, कापलेली नळी जुळत नाही, गळ्याला आयुष्यभर भोक राहते, त्यापेक्षा स्टेंट (श्वासनलिका उघडी ठेवण्यासाठी आत बसवायची नळी किंवा जाळी) बसवा, आणि आता प्रयोगशाळेत नवी नळीही तयार होते,’ अशा आशयाचा मजकूर सर्रास पुढे पाठवला जातो. त्यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

नळी जुळत नाही, ही समजूत एकेकाळी शल्यचिकित्सकांचीही होती. अरुंद भाग कापून उरलेली टोके जोडायची असतात, पण दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त भाग काढता येणार नाही असे 1950च्या सुमारास मानले जाई. पुढे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये शल्यचिकित्सक हर्मीज ग्रिल्लो यांनी मान पुढे झुकवून आणि श्वासनलिका आजूबाजूच्या ऊतींपासून मोकळी करून प्रौढांमध्ये जवळजवळ निम्मी नळी काढता येते हे दाखवले. प्रौढाची श्वासनलिका साधारण 10 ते 12 सेंटिमीटर असते, तेव्हा ही मुभा लहान नव्हे. मात्र रक्तपुरवठा बाजूंनी येत असल्यामुळे नळी सगळीकडून सोडवणे धोक्याचे ठरते. व्हेंटिलेटरच्या नळीमुळे आलेल्या अरुंदपणासाठी शस्त्रक्रिया झालेल्या 503 रुग्णांचा याच रुग्णालयातला आढावा 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 94 टक्के जणांना चांगला किंवा समाधानकारक परिणाम मिळाला, तर 2.4 टक्के दगावले. धोका आहे, पण तो मजकुरात सांगितलेला नव्हे.

भोकाचा मुद्दा ट्रॅकिओस्टॉमीशी झालेल्या गल्लतीतून आला आहे. ती गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करून देणारी वेगळी शस्त्रक्रिया आहे आणि तिच्यामुळेही पुढे नळी आकसू शकते.

स्टेंटचा सल्ला सर्वांत घातक वाटतो, कारण तो सोपा दिसतो. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा रुग्णाला सिलिकॉनचा स्टेंट उपयोगी पडतो, आणि फुग्याने रुंदावून वेळ काढणेही योग्य असते. पण धातूच्या स्टेंटच्या टोकांशी मांस वाढते, तो काढणे अवघड जाते आणि खराब भाग लांबतो, त्यामुळे कधीकधी जोडण्याजोगे टोकच उरत नाही. कर्करोगाखेरीजच्या अरुंदपणात असे स्टेंट वापरण्याबाबत अमेरिकेच्या एफडीए या औषध व वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेने 2005 मध्येच सावध केले होते.

प्रयोगशाळेतल्या नळीबद्दल एवढेच: शल्यचिकित्सक पाओलो मक्कियारिनी यांनी स्वीडनमध्ये तीन रुग्णांना कृत्रिम श्वासनलिका बसवल्या, ते तिघेही मरण पावले, आणि 2023 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने मक्कियारिनी यांना अडीच वर्षांची कैद सुनावली.