भरपाई हुकवायची कशी

औषध घेऊन अंगावर फोड उठले, खुब्यात बसवलेला सांधा वर्षभरात कुरकुरू लागला किंवा खाणीवरचा गाळ पावसात वाहून भाताच्या शेतात येऊन बसला, की शेजारी लगेच सांगतात, "केस घाल, लाखांनी मिळतील." घाबरू नका. थोडी काळजी घेतलीत तर दमडीही पदरात पडणार नाही, आणि त्यासाठी कोर्टाची पायरीसुद्धा चढावी लागत नाही.

सुरुवात गोळ्यांच्या पट्टीपासून करा. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते. फार्मसीवाला कात्रीने कापून चार गोळ्या देतो त्या दुसऱ्या टोकाच्या. तशाच घेऊन या. बिल मागू नका, कारण त्यावर बॅच नंबर असतो. न मागता दिलंच, तर ते बहुधा थर्मल कागदाचं असतं. ते स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या खिळ्याला टोचा. जूनमध्ये टोचलेलं बिल गणपतीवर फळाफुलांची माटोळी टांगायच्या चतुर्थीपर्यंत दुधासारखं कोरं होतं. मोबाईलवर त्याचा फोटो काढायचा मोह मात्र आवरा. एका फोटोने सगळ्या पावसाळ्याची मेहनत वाया जाते.

मग डॉक्टर. ओपीडीत "आधी कोणतं औषध घेत होता?" असं विचारलं की "तसं काही नाही, साधं आपलं" असं उत्तर द्या. केसपेपरवर तेच उतरतं, आणि पुढे समोरचा वकील तोच कागद सर्वांत आधी पुढे करतो. औषधाचं नाव, किती दिवस घेतलं, त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला, या तीन ओळी पहिल्याच भेटीत लिहून घेतल्या तर कंपनीला घाम फुटतो. उगाच कशाला कुणाला त्रास?

खुब्याचं ऑपरेशन असेल तर काम आणखी सोपं. डिस्चार्ज कार्डावर 'खुबा बदलला' एवढंच असतं. कोणत्या कंपनीचा, कुठल्या लॉटचा, हे सांगणारं स्टिकर ऑपरेशनच्या नोंदींत चिकटवलेलं असतं. त्याची प्रत मागायची नाही. भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी डॉक्टरने तीन वर्षं जपायच्या आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या, असा २००२ चा नियम आहे. तुम्ही चौथ्या वर्षी मागा. जॉन्सन अँड जॉन्सनच्या 'एएसआर' या कृत्रिम खुब्याचंच बघा. २०१० मध्ये तो जगभरातून परत बोलावला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. २०१८ मध्ये सरकारने भरपाईचं सूत्र ठरवलं: साधारण ३० लाखांपासून सव्वा कोटीच्या आसपासपर्यंत. पण बहुतेक रुग्णांचा पत्ताच लागला नव्हता. आपल्या अंगात कोणत्या कंपनीचं लोखंड आहे हे ठाऊक नसणं, याहून पक्की तटबंदी नाही.

आता अमेरिकेची स्वप्नं. मोबाईलवर जाहिरात येते: 'तुम्ही पात्र आहात का? दोन मिनिटांत तपासा.' नाव, आजार, फोन नंबर, सगळं भरून टाका. तुमची माहिती दावेदार गोळा करणाऱ्याच्या यादीत जाते, आणि ती यादी पुढे विकलीही जाते. तिथे अशा शेकडो दाव्यांची पूर्वतयारी एका न्यायाधीशापुढे एकत्र होते, नमुन्यादाखल काही खटले चालतात आणि मग कुणाला किती याचा तडजोडीचा तक्ता निघतो. तरीही दावा ज्याचा त्याचाच राहतो. ती वस्तू वापरलीत, तुम्हालाच इजा झाली आणि ती त्या वस्तूनेच झाली, हे प्रत्येकाने आपापल्या कागदांनी दाखवायचं. वय, सिगारेट, आधीचे आजार यांनी रक्कम खाली येऊ शकते. बोटीवर नोकरीला असलेल्या भाच्याला मिळाले म्हणून मलाही मिळतील, हे गणित पोटाशी धरून बसलात की उत्तम.

तिथले वकील जिंकल्यावर साधारण तिसरा हिस्सा घेतात. आपल्याकडे निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलांना मनाई आहे. म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात "आधी फक्त फाईल चार्ज द्या, बाकी मिळालं की अर्धं अर्धं" असं कुणी म्हणालं, तर तिथेच पैसे मोजा. पावती मागणं बरं दिसत नाही.

एकट्याने लढायचं नसेल तर पन्नास जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढा. सर्वांचं हित एकच असेल, तर एकाने सर्वांच्या वतीने ग्राहक आयोगाची परवानगी घेऊन तक्रार करता येते. एकाच इमारतीतल्या गळक्या फ्लॅटांना ते चालतं. एकाच गोळीने कुणाला पुरळ, कुणाच्या यकृताला सूज, कुणाला नुसती चक्कर, तिथे हित एकच आहे हे पटवणं कठीण. तरीही ग्रुपवर रोज सकाळी गुड मॉर्निंग येऊ द्या.

खरी कला मुदतीत आहे. ग्राहक आयोगासाठी दोन वर्षं, म्हणजे दोन चतुर्थ्या. "यंदा माटोळी होऊ दे, मग शिगमा, मग मुलांच्या परीक्षा" असं करता करता दोन वर्षं आरामात सरतात. उशिराला सबळ कारण लागतं. "चवथ होती" हे त्यात बसत नाही. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला शुल्क नाही आणि ती राहत्या जिल्ह्यात घालता येते, ही माहिती घरात कुणाला कळू देऊ नका.

शेतातल्या गाळासाठी पुण्याचं हरित न्यायाधिकरण आहे. तिथे मुदत पाच वर्षं आणि वर जास्तीत जास्त साठ दिवस. ती निवेदनांत खर्च करा. पहिलं पंचायतीला, दुसरं मामलेदाराला, तिसरं आमदाराला, प्रत्येक वेळी वर्तमानपत्रात फोटोसकट. निवेदनाने मुदत थांबत नाही, पण फोटो सुरेख येतो. तलाठ्याचा पंचनामा कशाला? गाळ किती बोटं साचला ते मोजपट्टी रोवून दाखवायचं असतं, तिथे तुम्ही शेताकडे पाठ करून उभे राहा. एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या सातबाराच्या, उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात अजून आजोबांचंच नाव असेल तर उत्तमच. आधी वारस कोण यावर भाऊबंदकी होऊ द्या.

औद्योगिक दुर्घटनेत सापडलेल्याला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, असं १९८७ चा विधी सेवा कायदा सांगतो. दुर्लक्ष करा. भोपाळच्या वायुगळतीचे खटले अमेरिकेच्या कोर्टाने भारतात परत पाठवले. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि बहुसंख्य दावेदार 'तात्पुरती इजा' या कप्प्यात गेले. ज्याच्या कागदांत आजाराची धड नोंद नाही, त्याला याहून वरचा कप्पा द्यायचा तरी कशाच्या आधारावर?

एवढं करूनही कंपनीचा माणूस चेक घेऊन बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, येऊन बसलाच, तर आधी चहा द्या. कागदाच्या शेवटी बारीक अक्षरांत 'पूर्ण व अंतिम, यापुढे कोणताही दावा नाही' असं असेल. दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च अजून यायचा आहे हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तर तो आज आला आहे. चष्मा आत राहिलाय म्हणून उठू नका. पेन त्याच्याकडे आहे.