इनांडाचा नाच आणि आपलं डिलिस्टिंग

धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळा, म्हणजे ‘डिलिस्टिंग’ करा, ही मागणी गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुन्हा जोरात आली आहे. युक्तिवाद असा, की चर्चमध्ये गेलेल्याने रूढी-परंपरा सोडल्या, मग सवलत कशाची? मी दक्षिण आफ्रिकेत डर्बनला राहतो. इथल्या झुलू माणसांकडे पाहिलं की हा युक्तिवाद मला पटत नाही.

डर्बनच्या उत्तरेला इनांडा आहे. गांधीजींची 1904ची फिनिक्स वसाहत याच भागातली. तिच्यापासून जवळच, 1910च्या सुमारास, आयझाया शेंबे यांनी नाझरेथ बाप्टिस्ट चर्च उभं केलं. गोऱ्या मिशनऱ्यांकडे तेव्हा बाप्तिस्म्यासोबत अटी यायच्या: विलायती कपडे घाला, नाच सोडा, वाडवडिलांना हाका मारणं बंद करा. शेंबेंनी बायबल घेतलं, अटी नाही घेतल्या. त्यांनी झुलूत स्तोत्रं रचली. उपासना शनिवारी, पांढऱ्या वस्त्रांत आणि अनवाणी. दर जानेवारीत न्ह्लांगकाझी डोंगराची यात्रा. आणि नाच! ढोलाच्या ठेक्यावर पुरुष बिबट्याच्या कातड्यात (हल्ली पुष्कळदा नकली), बायका मण्यांच्या दागिन्यांत तासन्‌तास नाचतात, आणि त्यांच्यासाठी तीच प्रार्थना असते. अमाद्लोझी, म्हणजे घरचे पूर्वज, त्यांनी येशूसाठी घराबाहेर काढले नाहीत. या माणसांना कोणी ‘तुम्ही आता झुलू नाही’ म्हणून दाखवावं.

सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. गादी शेंबे घराण्यातच चालते, आणि 2011 नंतर वारसाचा वाद कोर्टकज्ज्यांपर्यंत गेला. एका कुटुंबाकडे एवढा अधिकार मला खुपतो.

पण आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे. वारल्यांचा तारपा आणि वाघदेव सोडायला लावणारा पास्टर, आणि ‘चर्चमध्ये गेलास, आता तू आदिवासी नाहीस’ म्हणणारा आंदोलक, हे दोघे एकमेकांचे वैरी असले तरी बोलतात एकच: चर्च आणि परंपरा एकत्र नांदू शकत नाहीत. इनांडात ती शंभर वर्षांहून जास्त नांदली आहेत. काँगोत तर 1988 मध्ये खुद्द व्हॅटिकनने पूर्वजांचं आवाहन आणि नाच असलेल्या मिस्साविधीला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, मान्यता दिली.

कायद्याचंही नीट पाहा. 1950च्या आदेशातली धर्माची अट अनुसूचित जातींसाठी आहे. जमातींना ती नाही. जमात ठरते ती आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकाकीपणा, बाहेरच्यांशी संपर्काचा संकोच आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या मागासलेपणावरून. डहाणूच्या पाड्यावर रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या कुटुंबाची जमीन, कर्ज, कुपोषण यातलं काहीही बाप्तिस्म्याने बदललेलं नसतं. त्यांचा दाखला काढून घ्यायची मागणी करणाऱ्यांनी आधी त्या पाड्यावर जाऊन विचारावं, की लग्नात तारपा अजून वाजतो का, आणि बंद झाला असेल तर कोणाच्या दबावाने. त्या पास्टरशी मीही भांडेन. दाखल्याला मात्र हात लावू देणार नाही.