नवजात बाळाची तपासणी आणि मिडवाइफ : एक खुलासा

‘इंग्लंडमध्ये डॉक्टर वाचवण्यासाठी नवजात बाळांची तपासणी आता न शिकलेल्या नर्सकडून उरकली जाते’ असा एक संदेश तिथल्या मराठी कुटुंबांच्या गटांत फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे.

ही तपासणी जन्मानंतर 72 तासांच्या आत होते आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा, बहुधा फॅमिली डॉक्टरकडे, केली जाते. पहिली तपासणी करणारी मिडवाइफ, म्हणजे गरोदरपण, बाळंतपण आणि नवजात बाळाची काळजी पाहणारी प्रसूतिसेविका, नोंदणीकृत आणि या कामासाठी खास प्रशिक्षित असते. पूर्वी त्यासाठी पदवीनंतर विद्यापीठाचा वेगळा अभ्यासक्रम आणि देखरेखीखालील प्रत्यक्ष तपासण्या पूर्ण कराव्या लागत. नर्स आणि मिडवाइफ यांची नोंदणी व शिक्षणाचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने 2019 मध्ये जाहीर केलेल्या निकषांनुसार हे कौशल्य आता मूळ शिक्षणातच आले आहे.

डोळ्यांत प्रकाश टाकून मोतीबिंदूची शक्यता पाहणे, हृदयाचे ठोके ऐकणे व जांघेतील नाडी चाचपणे, मांड्या हलक्या हाताने वळवून खुब्याचा सांधा निसटतो का ते पाहणे, मुलग्यांत वृषण खाली उतरले आहेत का हे तपासणे, हा या तपासणीचा गाभा आहे. शंका आली की बाळ तज्ज्ञाकडे पाठवले जाते. दोषाचे निदान मिडवाइफ एकटी करत नाही, ही बाब संदेशात सोयीस्करपणे गाळलेली दिसते. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत प्रशिक्षित मिडवाइफ आणि कनिष्ठ डॉक्टर यांची तुलना झाली, तेव्हा मातांचे समाधान मिडवाइफच्या बाजूने अधिक होते. अर्थात कोणतीही तपासणी प्रत्येक दोष पकडत नाही, मग ती डॉक्टरने केलेली का असेना.