न्यूयॉर्क साडेपाच तासांवर नाही, भो!

ज्यांची पोरं अमेरिकेत आहेत अशा जळगाव-भुसावळकडच्या घरांत सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात ठासून सांगितलंय की मुंबई-न्यूयॉर्क प्रवास मुळात साडेपाच तासांचा, विमान कंपन्या मुद्दाम रशिया-ग्रीनलंडकडून वळसा घालून भाडं उकळतात, आणि येताना पृथ्वी फिरते म्हणून वेळ वाचतो.

‘रात्री १ला निघतं, सकाळी साडेसहाला पोहोचतं.’ अहो, तिकिटावर निघायची वेळ मुंबईची असते आणि पोहोचायची न्यूयॉर्कची. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे (उन्हाळ्यात साडेनऊ). साडेपाचात साडेदहा मिळवा, झाले १६ तास. अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. साडेपाच तासांत जायचं तर ताशी २,२७० किलोमीटरचा वेग हवा. तो आवाजाहूनही वेगाने उडणाऱ्या कॉनकॉर्ड या प्रवासी विमानाच्याही आवाक्याबाहेरचा, आणि ते विमान २००३ मध्येच बंद झालं.

‘सरळ रेघ सोडून वरून का नेतात?’ पोरांचा पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणा. ढिला असतो तोवर तो कुठूनही जातो. ताणला की आपोआप वर सरकतो आणि मध्य आशिया, रशिया, आइसलंड करत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो. भिंतीवरच्या नकाशात जी रेघ सरळ दिसते ती इजिप्त, लिबिया, अल्जीरियावरून जाते आणि भरते सुमारे १४,२०० किलोमीटर. म्हणजे खरा वळसा तोच! शिवाय डिझेल स्वतःच्या खिशातून भरणारा रावेरचा केळीवाला दिल्लीचा ट्रक मुद्दाम लांबून पाठवेल का? वळसे पडतात, पण नाइलाजाने. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांचा प्रवास लांबला.

राहिली पृथ्वी. येताना वेळ वाचतो हे खरं, तास-दीड तास सहज. कारण मात्र भलतंच दिलंय. हवाही पृथ्वीसोबतच फिरते. ती फिरत नसती, तर जळगाववर तासभर तरंगत ठेवलेल्या हेलिकॉप्टरखाली ओमानजवळचा समुद्र आला असता. म्हणजे त्या हिशोबाने वेळ जाताना वाचायला हवा, येताना नव्हे! मेसेज लिहिणाऱ्याने एवढा तरी विचार करायचा.

वेळ वाचवतो तो जेट प्रवाह. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वारा हिवाळ्यात ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. येताना तो पाठीशी, जाताना तोंडावर. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झालं, तरी ते साडेचौदा तासांत, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर पोहोचलं.