पट्टी भरली आणि बुवांचा आवाज फाटला

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. सप्ताहातलं काल्याचं कीर्तन भाच्यानं शूट केलं, एडिट केलं आणि आक्काला पाठवलं. रात्री आक्काचा फोन : "बुवा असे भांडल्यासारखं का बोलायलेत रे?" मी ऐकलं. बुवा तर फाटलेच होते, टाळ वाजले की कानात पत्रा कापल्यासारखं होत होतं. भाच्याला विचारलं, तर त्यानं व्हॉट्सॲपवरचा एक मजकूर पुढं केला. 'प्रो एडिटरचे पाच नियम'. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या आपल्याकडच्या पोरांच्या ग्रुपांत तो फिरतोय म्हणे. पाचापैकी साडेचार नियम चूक आहेत.

सगळ्यात भयंकर नियम असा : "मीटरवर मायनस दिसतंय म्हणजे तेवढा आवाज वाया जातोय. मायनस 20 म्हणजे 20 टक्के तोटा. सगळं शून्यावर आणा." अरे, ही काय सोसायटीची थकबाकी आहे का? डिजिटल मीटरवर शून्य म्हणजे छत. 16 बिटच्या फाईलमध्ये एका नमुन्याचा, म्हणजे लाटेच्या एका क्षणाच्या मापाचा, सगळ्यात मोठा आकडा 32,767. त्याच्या वर लिहायला जागाच नाही, म्हणून लाटेचं डोकं सपाट कापलं जातं. तेच ते पत्रा कापणं. टक्क्यांचा हिशोबही खोटा. मीटरवरचं माप म्हणजे डेसिबल, आणि ते गुणाकारानं चालतं : 6 डेसिबल उतरलं की लाटेची उंची साधारण निम्मी, 20 उतरलं की दहावा हिस्सा. भाच्यानं बुवांना 18 डेसिबल चढवलं, म्हणजे उंची जवळपास आठपट. मूळ रेकॉर्डिंगमध्ये टाळ उणे 10 ला टेकत होते. आता गणित तुम्हीच करा.

दुसरा नियम, "वेव्हफॉर्म पट्टीभर दिसला पाहिजे." वेव्हफॉर्म म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर दिसणारं आवाजाच्या लाटेचं चित्र. तो भरलेला दिसण्यावर कानाचं काही ठरत नाही. पखवाजाची थाप पट्टीवर उंच सुळक्यासारखी दिसते, पण क्षणभरच टिकते. बुवांचं निरूपण बारीक दिसतं, पण सलग चालतं. युरोपातल्या प्रसारण संघटनेनं 2010 साली आर 128 ही शिफारस काढली ती याच भानगडीसाठी. नुसती शिखरं बघून आवाज जुळत नाही, म्हणून तिनं कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायला लावला. लक्ष्य उणे 23 एलयूएफएस (हेच त्या मोठेपणाचं माप), आणि शिखर उणे 1 च्या वर नको. कीर्तनाला उणे 23 च ठेवा असं मी म्हणत नाही. पण ज्यांचा धंदाच आवाजाचा, त्यांनी पट्टी भरायला सांगितलेली नाही.

तिसरा नियम, "आवाजाची रेघ वरखाली केली तरी वेव्हफॉर्म हलत नसेल तर सॉफ्टवेअर क्रॅक आहे, बदला." यातलं निरीक्षण खरं आहे, तेवढं नाइलाजानं मान्य करतो. भाचा वापरतो त्या प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत क्लिपवरची आवाजाची रेघ ओढली, कीफ्रेम (रेघ वाकवायचे ठिपके) टाकल्या, तरी खालचं चित्र जसंच्या तसं राहतं; ऑडिओ गेन, म्हणजे अख्ख्या क्लिपची मूळ पातळी, बदललं तर मात्र ते नव्यानं काढलं जातं. फायनल कट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रेघेबरोबर चित्रही बदलतं आणि शिखरं छताजवळ गेली की पिवळी, ओलांडली की लाल होतात. दोन्ही सॉफ्टवेअर शाबूत आहेत. अशा प्रीमिअरमध्ये चढउतार बघायचा तर रेघेचा उतार बघा, आणि शेवटी बाहेर काय पडतंय ते मीटरवर. हे भाच्याला माहीत नव्हतं. रेघ ओढूनही चित्र हलेना म्हणून त्यानं गेन रेटलं. "मामा, बार फुल्ल दिसायलाय की!" म्हणाला.

लाल दिवा म्हणजे दमदार आवाज, या नियमावर शब्द खर्च करत नाही. यूट्यूबवर आवाज मोठाच टाका, हा नियमही अर्धाच खरा : फार हळू आवाजाची फाईल टाकू नका हे ठीक, पण आवाज जास्त मोठा असेल तर यूट्यूब तो स्वतःच खाली ओढतं. मग फाटलेला आवाज फाटलेलाच राहतो, फक्त हळू ऐकू येतो.

नशीब, टाइमलाइन शिल्लक होती. प्रीमिअर आत 32 बिट फ्लोटमध्ये मिसळतं, म्हणजे तिथं शून्याच्या वरही आकडे लिहायला जागा असते, त्यामुळे तिथं गेन उतरवलं की कापलेली डोकी परत येतात. एक्सपोर्ट झालेल्या 16 बिट फाईलमध्ये ती येत नाहीत. गेन पूर्ववत केलं, निरूपणाला रेघेनं थोडं उचललं, टाळांना खाली बसवलं, नवी फाईल आक्काला धाडली.

तिचं उत्तर आलं : "आता बुवा बुवांसारखे बोलायलेत. मागं गोंधळ घालणाऱ्या त्या पोरांना पण गप कर की."