पारख केली म्हणजे आत्म्याला विझवलं का?

भाऊ, प्रभूमध्ये सलाम.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की ‘देवाने तुमच्याविषयी मला दाखवलंय’ असं सांगत कुणी आलं, तर तिथल्या तिथे आमेन म्हणू नये. वचनाशी ताडून पाहावं, चार जाणत्या विश्वासणाऱ्यांशी बोलावं. त्यावर तुम्ही लिहिलंत की ही बुद्धीची घमेंड आहे, अशा लेखांनी पवित्र आत्मा विझतो, देवाच्या अभिषिक्तांना हात लावू नका असं शास्त्र बजावतं, आणि संदेश खरंच देवाचा आहे का याची पारख करायचीच असेल तर ते पाळकांचं काम आहे, घरी बसून लिहिणाऱ्यांचं नाही. (घरी बसूनच लिहिते, हे खरं. स्वयंपाक उरकल्यावर.) केडगावच्या 1905च्या संजीवनाचा (सामूहिक आध्यात्मिक जागृतीचा) दाखला देऊन तुम्ही विचारलंत, पंडिता रमाबाई तेव्हा पारख करत बसल्या असत्या तर? आणि अगदी शेवटी, जाता जाता, मुलाबद्दल लिहिलंत. परगावच्या एका सेवकाने (प्रचारकाने) सभेत त्याला सांगितलं की तीन महिन्यांत नोकरी सोड आणि पूर्णवेळ सेवेत ये. तो संदेश आम्ही नाकारायचा का, असा तुमचा सवाल आहे. मला वाटतं, सगळी प्रतिक्रिया या एका ओळीसाठी लिहिली गेली. म्हणून उत्तर लांबलंय.

आधी अभिषिक्तांचं. हे वचन स्तोत्र 105 मधलं. अब्राहाम, इसहाक, याकोब परक्या मुलखांतून फिरत होते तेव्हा देवाने त्यांच्यासाठी राजांना ताकीद दिली, अशी तिथे आठवण आहे. त्यातल्या एका राजाची गोष्ट उत्पत्तीच्या 20व्या अध्यायात सविस्तर आहे. गरारचा अबीमलेख. अब्राहामाने सारेला बहीण म्हणून सांगितलं, राजाने तिला नेलं, आणि देवाने स्वप्नात राजाला अडवलं. हा मनुष्य संदेष्टा आहे हेही सांगितलं. सकाळी राजाने काय केलं? त्या संदेष्ट्याला बोलावलं आणि तू आमच्याशी असा का वागलास म्हणून जाब विचारला. देवाने राजाला त्याबद्दल एका शब्दाने दटावलं नाही. हात लावू नका म्हणजे इजा करू नका. दाविदानेही आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला हात लावला नाही, पण गुहेबाहेर उभं राहून, त्याची सेना ऐकत असताना, मोठ्याने जाब विचारलाच. तेव्हा हे वचन पुढे करून कुणी प्रश्नच बंद करत असेल, तर माझे कान टवकारतात.

पाळकांचं म्हणाल तर प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की संदेष्ट्यांपैकी दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी निर्णय करावा. बिरुयातले लोक तर खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्रात तपासत होते आणि लूकने प्रेषितांच्या कृत्यांत त्यांना त्याबद्दल शाबासकी दिली आहे. यावर अधिक लिहीत नाही.

आता केडगाव. तुम्ही हे नाव काढलंत ते बरं केलंत, कारण पारख म्हणजे काय हे मला तिथेच सगळ्यात नीट दिसतं. 1905च्या जानेवारीत रमाबाईंनी केडगावच्या आपल्या मुक्ती आश्रमातल्या मुलींना खास प्रार्थनेला बोलावलं तेव्हा सुमारे 70 जणी आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्या 550 झाल्या. 29 जूनच्या रात्री एका मुलीच्या अंगावर आग उतरलेली दुसरीने पाहिली आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. हे मिनी अ‍ॅब्रम्स या तिथल्या अमेरिकन मिशनरी बाईंनी लिहून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई त्यांच्या नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाचा 8वा अध्याय शिकवत होत्या आणि मुली रडायला लागल्या, मोठमोठ्याने पापं कबूल करायला लागल्या. एकाच वेळी शेकडो जणींची प्रार्थना. काही युरोपियन मिशनऱ्यांना तो गलका मानवला नाही. रमाबाईंनी त्यांचं ऐकलं नाही. आपल्या लोकांना आपल्या पद्धतीने प्रार्थना करू द्या, अशी त्यांची भूमिका होती. इथवर तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

पण पुढचंही बघा. 1906च्या अखेरीपासून मुक्तीत अन्य भाषा (प्रार्थनेत आत्म्याने दिलेल्या, न शिकलेल्या भाषा) बोलल्या जाऊ लागल्या. त्या काळात दुसरीकडे कुठे कुठे शिकवलं जात होतं की अन्य भाषा नाहीत तर पवित्र आत्म्याचा बाप्तिस्माच नाही. रमाबाईंनी ते मापदंड म्हणून स्वीकारलं नाही. दान आहे, मान्य. पण आत्म्याचं तेवढंच एक चिन्ह नव्हे. ज्या बाईच्या अंगणात हे सगळं घडत होतं, तिनेच त्याला लगाम घातला. मुली पापं कबूल करून बदलल्या का, टोळ्या करून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या का, इकडे तिचं लक्ष होतं. आवाज किती झाला, अंग किती थरथरलं, यावरून तिने काहीच ठरवलं नाही. देवाचं आहे असंही नाही आणि नाही असंही नाही.

हे तिला एका रात्रीत सुचलं नव्हतं. 29 सप्टेंबर 1883ला इंग्लंडमध्ये वॉन्टेज इथे बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्याच मठातल्या सिस्टरांशी रमाबाईंचा पत्रांतून वाद सुरू झाला. चर्च म्हणतं म्हणून अमुक मान, हे त्यांना पटेना. एका पुरोहितवर्गाचं जू मानेवरून उतरवून दुसऱ्याचं घ्यायला त्या तयार नव्हत्या. आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळल्याचंही त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिलं. मूळ वचन स्वतः वाचता यावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. म्हणजे आग उतरली तेव्हा रमाबाईंच्या पारखेला बावीस वर्षं झाली होती. म्हणून तर त्या बादली घेऊन धावल्या नाहीत.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक मात्र मी मनापासून मान्य करते. पारखेच्या नावाखाली नुसती टिंगल करणारे आपल्यात आहेत. कुणी रडून प्रार्थना केली की यांचे ओठ वाकडे. थेस्सलनीकाकरांच्या पत्रात ‘आत्म्याला विझवू नका’ आणि ‘सर्व गोष्टींची पारख करा’ ही दोन्ही वाक्यं एका श्वासात येतात. या लोकांना दुसरंच तेवढं पाठ असतं. तसं तुम्हाला पहिलंच पाठ आहे, रागावू नका.

फसवणूक कशी होते याची सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट मला बायबलातल्या 1 राजे 13 मध्ये सापडते. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला स्पष्ट आज्ञा होती: तिथे अन्न खाऊ नको, पाणी पिऊ नको, गेलास त्या वाटेने परतू नको. राजाचं आमंत्रण त्याने धुडकावलं. मग बेथेलचा एक म्हातारा संदेष्टा गाढवावर बसून मागून आला आणि म्हणाला, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, देवदूताने मला सांगितलंय, चल घरी. शास्त्र लगेच पुढे सांगतं की तो खोटं बोलत होता. आणि हा गेला. राजाला नाही म्हणणारा माणूस आपल्यातल्याच वयस्कर, भल्या दिसणाऱ्या माणसापुढे वाकला. परतताना सिंहाने त्याला ठार केलं. त्या म्हाताऱ्याने खोटं का सांगितलं, ते अध्यायात दिलेलंच नाही. कदाचित त्याला नुसती सोबत हवी असेल. संदेश देणारा लबाड किंवा लोभी असेल तरच संदेश चुकतो, असं नाही.

आपल्यातल्या काहींना कॅथलिक संतांचं नाव काढलेलं चालत नाही, पण इग्नेशियस लोयोलाकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला हा सैनिक पुढे वयाच्या तिशीनंतर बार्सिलोनात लॅटिन शिकायला बसला. व्याकरण पाठ करायला घेतलं की त्याला आध्यात्मिक गोष्टी नव्याने उमगायच्या, मन भरून यायचं आणि अभ्यास राहायचा. प्रार्थनेत मात्र असं काही होत नसे. तेव्हा त्याने ओळखलं की हा मोह आहे. शिक्षकांकडे जाऊन सगळं सांगितलं आणि दोन वर्षं एकही धडा चुकवणार नाही असा शब्द दिला. त्रास थांबला. विचार पवित्र होते, गोड होते. पण ते त्याला समोरच्या कामातून उठवत होते.

इब्री लोकांस पत्रात म्हटलंय तसं हे सरावानेच येतं. आपल्या मंडळ्यांत हा सराव होतच नाही, कारण मागे वळून कुणी पाहत नाही. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत किती संदेश दिले जातात! पुढच्या 31 डिसेंबरला त्यातल्या एकाचाही हिशेब कुणी मागितलेला मी पाहिलेला नाही. अनुवाद या जुन्या करारातल्या पुस्तकाचा 18वा अध्याय तर सांगतो की बोललेलं घडतं का ते पाहा. 13वा त्याहून कडक आहे: घडलं तरी तो माणूस तुम्हाला कुणाकडे नेतोय ते पाहा.

आता मुलगा. नाही, संदेश नाकारू नका. पण संदेश आणि त्याचा अर्थ वेगळे ठेवा. प्रेषितांच्या कृत्यांत, 21व्या अध्यायात, अगब या संदेष्ट्याने सांगितलं की यरुशलेमेत पौलाला बांधतील. ते खरं होतं. ‘म्हणून जाऊ नको’ हे भोवतालच्या लोकांनी रडून रडून जोडलं, आणि पौल गेला. तुमच्या मुलाच्या बाबतीत ‘सेवेत ये’ हा संदेश असू शकेल. ‘तीन महिन्यांत’ हे कुणी जोडलं? त्या सेवकाला फोन करून सरळ विचारा. प्रश्नाचा त्याला राग आला, तर तेही लक्षात ठेवा.

अंत्युखियाच्या मंडळीत आत्म्याने बर्णबा आणि शौलाला (म्हणजे पौलालाच) सेवेसाठी वेगळं करायला सांगितलं, तेव्हा शौलाला पाचारण होऊन वर्षं लोटली होती आणि मंडळी त्याला जवळून ओळखत होती. म्हणून मुलालाच विचारा की हे त्या सभेआधीही त्याच्या मनात होतं का. तुमच्यासमोर तो हो म्हणेल. त्याच्या मित्राने किंवा मामाने विचारलेलं बरं. मनात असेल तर राजीनामा न देता वर्षभर तुमच्याच मंडळीत संडे स्कूल किंवा तरुण संघाचं काम त्याला घेऊ दे. पौलही तंबू करून पोट भरत होताच. वर्षभराने तुमच्या वडीलधाऱ्यांना त्याच्याबद्दल काय वाटतं ते कळेल.

तो काय म्हणाला ते इथे प्रतिक्रियेत लिहू नका. ते त्याचं खासगी आहे. मला ईमेल केलात तर मी वाचेन.