थर्मामीटरवर ६६ दिसलं म्हणजे मॅश ६६ ला आहे असं नाही

नमस्कार, एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत त्याबद्दल मनापासून आभार, पण तुमचा निष्कर्ष मला अजिबात पटला नाही. तुमचं म्हणणं असं की मॅशच्या, म्हणजे बिअरसाठी माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा बार्ली) गरम पाण्यात भिजवतात त्या मिश्रणाच्या, एकदोन डिग्रीचा मी उगाच बाऊ करतो, कारण तुम्ही तीच पेल एल बिअर ऑगस्टमध्ये केलीत आणि जानेवारीत केलीत, पाणी दोन्ही वेळा ७२ ला ओतलंत, थर्मामीटरने दोन्ही वेळा ६६ दाखवलं आणि तरी फायनल ग्रॅव्हिटी (आंबून झाल्यावरची बिअरची घनता, कमी म्हणजे बिअर जास्त कोरडी) एकदा १.०११ आणि एकदा १.००५, म्हणजे तापमानाचा काही संबंधच नाही. अहो, मला तर यातून बरोब्बर उलटं दिसतंय! यीस्ट तेच, माल्ट तेच, फर्मेंटेशन दोन्हीकडे पूर्ण झालेलं, मग संशय आधी मॅशवरच जायला हवा ना.

जरा हिशोब करू. ५ किलो माल्ट, १५ लिटर पाणी. माल्टला तापायला तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या साधारण ०.४ पट उष्णता लागते, म्हणजे तुमचं ५ किलो माल्ट २ लिटर पाण्यासारखं धरा. ऑगस्टमध्ये माल्ट २२ डिग्रीला असेल तर ७२ च्या पाण्यात मिसळून बरोबर ६६ येतं. पण पोतं शेडमध्ये असतं असं तुम्हीच लिहिलंय, आणि इकडे इंग्लंडात जानेवारीत शेडमध्ये ४-५ डिग्री म्हणजे काही विशेष नाही, तेव्हा तेच पाणी जेमतेम ६४ देतं, वर ज्यात मॅश करता तो गार पडलेला कूलबॉक्स अजून एखादी डिग्री खातो. ६३ ला माल्टमधलं बीटा अमायलेज हे एन्झाइम अगदी जोरात असतं, स्टार्चचं माल्टोज, म्हणजे साखर, करत सुटतं, ते सगळं यीस्ट खातं आणि बिअर कोरडी, पातळ होते. ६८-७० ला तेच बीटा भराभर मरतं, त्याचं भावंड अल्फा अमायलेज चालू राहतं, न आंबणारे डेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चचे तुकडे, मागे राहतात आणि बिअरला अंग येतं.

मग थर्मामीटर ६६ कसं म्हणाला? तुम्ही लिहिलंय की माल्ट ओतून दोनदा ढवळलं, झाकण लावलं आणि वरून डायल थर्मामीटर खोचला. तेव्हा आत सगळीकडे एक तापमान नसतंच हो, गाठी असतात, गाठ फोडली तर आतलं पीठ कोरडं आणि गार, आणि शेजारीच गरम पाण्याचा खिसा. शिवाय या डायलवाल्यांची तापमान ओळखणारी पट्टी दांडीच्या खालच्या दोनतीन इंचांत असते, नुसतं टोक बुडवून चालत नाही. गाठी मोडेपर्यंत नीट ढवळा, पाच मिनिटं जाऊ द्या, मग मध्ये, कडेला आणि तळाशी असं तीन ठिकाणी मोजा. थर्मामीटर कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का ते बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका, शून्याला बरोबर असलेला ६६ ला दोन डिग्री चुकू शकतो, म्हणून एखादा चांगला काचेचा थर्मामीटर घेऊन दोन्ही ६६ च्या आसपासच्या पाण्यात शेजारी शेजारी धरा.

कमी निघालं तर लगेच एक लिटर उकळतं पाणी घाला, तुमच्या मापाला साधारण दोन डिग्री चढतात. जास्त निघालं तर थंड पाणी, पण तेही लगेच, कारण बरंचसं काम पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच उरकतं आणि मेलेलं एन्झाइम मॅश गार केल्याने परत येत नाही.

राहिला तुमचा जुन्या काळचा मुद्दा, की थर्मामीटर नव्हते तरी बिअर व्हायचीच. व्हायची, आणि उत्तम व्हायची! पण ते लोक अंदाजपंचे करत नव्हते. जर्मनी-बोहेमियात डिकॉक्शन करताना मॅशचा साधारण एक तृतीयांश भाग काढून उकळायचे आणि परत ओतायचे. उकळीचं तापमान एका गावात जवळपास तेच राहतं, भाग ठरलेला, म्हणून मॅश दर वेळी तेवढंच चढायचं. म्हणजे दर वेळी तेच तापमान यावं ही त्यांचीही धडपड होतीच. मीही तेच सांगतोय, तुमचं ६६ माझ्या ६६ शी जुळलं नाही तरी चालेल, तुमचं ऑगस्टचं तुमच्या जानेवारीच्याशी जुळलं पाहिजे.

पुढच्या वेळी पोत्यात थर्मामीटर खोचून माल्टचं तापमान आधी घ्या. ५ डिग्री निघालं तर पाणी ७४ ला ओता, कूलबॉक्स आधी गरम पाण्याने तापवून घ्या, आणि फायनल ग्रॅव्हिटी किती आली ते इथे नक्की लिहा, मला खरंच बघायचंय.